कळकलेलं

आधी पुलथ्रू नाही, सळई.
ब्रश पितळी नको. पितळ स्वतःच निळं रडतं,
मग कळत नाही खोटं कोण बोलतंय, ब्रश का नळी.
नायलॉनचा घ्यावा. चिंधी चार बोटं लांब,
जुन्या बनियनची सगळ्यात चांगली.
साहेबांना सांगू नका, ते नवं थान मागवतात.

हिंगोलीत मे महिना, लाइट गेलेली.
शस्त्रागाराची एकच खिडकी उघडते.
तिच्यातून कयाधूच्या कोरड्या पात्रातला फुफाटा येतो
आणि उजेड.
नळी तिच्याकडे धरून मी एक डोळा मिटतो.
आत आटे फिरत गेलेत,
आट्यांच्या कडेला तांबूस रेघ,
अरुंद बोळातून गाडी नेताना
भिंतीला आख घासावा
तशी.

पहिली चिंधी काळी. ती दारूची, तिचं काही नाही.
दुसरी करडी.
तिसरीवर उमटतो
मोरचूद.
डाळिंबाच्या बागेत फवारणीनंतर
पानांवर राहतो, अगदी तोच.
औषधाच्या बाटलीचं बूच काढलं की डोळ्यांत पाणी.
ठेवायचं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.
जास्त ठेवलं तर ते पोलादच खायला लागतं.

वडील वसमतला कासार गल्लीत कल्हई करायचे.
भाता, कोळसा, तापलेली परात,
नवसागराची एक चिमूट
आणि भसकन पांढरा धूर.
हाच वास. हाच.
म्हणायचे, कथील उडालं की ताक कळकतं,
आणि कळकलेलं ताक
पोटात गेल्यावर खरं बोलतं.
त्यांनी जन्मभर तांब्यावर कथील चढवलं.
मी पोलादावरून तांबं उतरवायलोय.
एकदा डबा घेऊन गेटवर आले होते.
माझा हात हुंगला नि म्हणाले,
"कुणाची घागर करून आलास रे?"

सत्तेचाळीस नंबर
प्रल्हाद मुटकुळेनं काल जमा केली, गडचिरोलीहून आल्यावर.
रजिस्टरात त्याचंच अक्षर:
राउंड बारा. हवेत.
"हवेत" दोनदा गिरवलेलं.
फेब्रुवारीत देताना मी पांढरी चिंधी काढून दाखवली होती,
तेव्हा हसला होता,
"दादा, हिची काय टोपी शिवायची का?"

आज नववी चिंधी. अजून निळी.
बाराची एवढी असते का?
असेलही.
नळी आकडा सांगत नाही. गोळी इथून गेली
एवढंच सांगते, कुठं गेली ते तिला ठाऊक नसतं.
चांदमारीचा मातीचा ढिगारा असो,
नाहीतर हवा.

तो काउंटरशी उभा. स्टूल दिलं तरी बसला नाही.
"निघायलं का, दादा?"
"निघायलंय."
"किती राह्यलं?"
मी चिंधीच पुढं केली.
त्यानं ती उजेडात धरली, खूप वेळ,
जणू तिच्यावर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय.
मग म्हणाला, "मी करू?"

तसं करू द्यायचं नसतं. मी सळई दिली.
म्हणालो, मागच्या बाजूनं घाल, चेंबरकडून,
तोंडाशी धक्का लावू नकोस,
आणि मधेच उलटी फिरवू नकोस,
गेली की गेली, पार जाऊ दे.
तो ढकलत राहिला. कपाळाचा घाम नाकावरून
रायफलीच्या लाकडावर.
डोळे पुसले त्यानं मनगटानं.
मी म्हणालो, औषध लई तेज आहे हे.
तो म्हणाला, हो.

इतक्यात लाइट आली.
पंखा घरघरला आणि टेबलावरच्या
सगळ्या चिंध्या उडून फरशीवर.
पेटाऱ्यांखाली, रॅकच्या पायाशी, दाराच्या फटीत.
आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून वेचत राहिलो
काळ्या, करड्या, निळ्या, फिकट निळ्या,
आणि एक,
कितव्या खेपेची, कोणत्या नंबरची,
दोघांनाही सांगता येईना,
पांढरी.